मुक्काम वाढवून मिळावा

कामानिमित्त थोड्या दिवसांसाठी परगावी गेलेल्या मराठी माणसांची यादी केली, तर पहिलं नाव व्यंकोजीराजे भोसल्यांचं घालावं लागेल. विजापूर दरबारानं त्यांना तंजावरला धाडलं ते अगदी नेमकं काम सांगून. मदुरेच्या नायकानं तंजावरच्या नायकाचं राज्य घशात घातलं होतं. ते सोडवायचं, तंजावरच्या वारसाला गादीवर बसवायचं आणि परत यायचं. पहिलं काम राजांनी चोख केलं. दुसरंही केलं. तिसरं तेवढं राहून गेलं. १६७५च्या सुमारास ते स्वतःच गादीवर बसले आणि त्यांचं घराणं १८५५पर्यंत त्या गादीवर राहिलं. आठवड्यात येतो म्हणून गेलेला माणूस १८० वर्षं आला नाही, तर आपण त्याला काय म्हणू? इतिहासकारांनी बरंच काही म्हटलं आहे. मी काही म्हणणार नाही, कारण मी तंजावरला राहून आले आहे.

मी पगारपत्रकं करते. चारशेच्या आसपास माणसं असलेल्या एका कंपनीत कोणाला किती द्यायचे, कोणाचे किती कापायचे आणि कापले तर त्याला ते कुठल्या शब्दांत सांगायचं, हे माझं काम. लॅपटॉप आणि इंटरनेट असलं की ते कुठूनही होतं, हा शोध कंपनीला लागला आणि 'काही आठवडे कुठूनही काम करा' असं फर्मान निघालं. लोक लगेच गोव्याला पळाले. एक जण मनालीला गेला. एकीनं बालीचं तिकीट काढलं. मी मीटिंगमध्ये तंजावर म्हणाले, तेव्हा एवढी शांतता पसरली की कोणीतरी विचारलं, "ताई, तुमचा माइक बंद आहे का?"

घरी नवऱ्यानं अस्सल डोंबिवलीकर प्रश्न विचारला. "तिथं आपलं कोण आहे?"

"आहेत की. पण आपण त्यांना गेल्या दीडशे-पावणेदोनशे वर्षांत पत्र टाकलेलं नाही."

सासूबाईंनी मेतकूट, भाजणी आणि गोडा मसाला बांधून दिला. व्यंकोजीराजांच्या सामानातही गोडा मसाला असणार आणि तोच आधी संपला असणार, असं माझं मत आहे. पुरावा नाही.

चेन्नईच्या एग्मोर स्टेशनातून रात्री उळवन एक्सप्रेसमध्ये बसलं की ती सकाळी तंजावरला सोडते. उळवन म्हणजे शेतकरी, आणि गाव आहेच भाताच्या शेतात. कावेरीच्या खोऱ्यातला हा मुलूख शतकानुशतकं तांदूळ पिकवतो आहे. स्टेशनबाहेर पडले आणि ध्यानात आलं की मी निरक्षर झाले आहे. बसच्या पाट्या तमिळ, दुकानांच्या तमिळ, भिंतीवरचे पुढारी तमिळमध्ये हसत होते. मुंबईत पाटी मराठीत नसली की मी गळा काढते. इथं पाटी तमिळमध्येच आहे म्हणून मला तक्रार करता येईना. तत्त्वनिष्ठ माणसाची प्रवासात फार कोंडी होते.

राजवाड्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर, एका निवृत्त जोडप्याच्या घराचा वरचा मजला मला मिळाला. घर मराठी. म्हणजे ते सांगतात म्हणून मराठी. गेली तीनेक शतकं इथंच असलेलं कुटुंब, गावात त्यांना रायर म्हणतात. मामा पोस्टातून निवृत्त झालेले, मामी घर आणि मामा दोन्ही सांभाळणाऱ्या. त्यांची क्रियापदं बखरीतली, नामं बाजारातली आणि हेल पूर्ण तमिळ. पहिले काही दिवस मी त्यांच्या प्रत्येक वाक्याचा निम्मा भाग समजून घेऊन उरलेल्या निम्म्याला मान डोलवत होते. वाटलं, बिचाऱ्यांची मराठी किती बिघडली आहे! मग एके दिवशी मामींनी माझी नवऱ्याशी फोनवर चाललेली बातचीत ऐकली. 'मीटिंग पोस्टपोन झाली, फाईल अपलोड केली, नंतर कॉल करते, चार्जिंग संपतंय.' फोन ठेवल्यावर त्या मामांकडे वळून हळहळत काहीतरी म्हणाल्या. मामांनी मला त्याचा सारांश सांगितला: "ती म्हणते, तिकडं मराठी बोलायला आता कोणी उरलं नाही वाटतं."

परक्या गावी राहून काम करणाऱ्यांच्या ज्या फिती आपण बघतो, त्यांत एक कॅफे असतो. लाकडी टेबल, कुंडीत झाड, कपावर फेसाचं पान, आणि समोर लॅपटॉप उघडून समुद्राकडे बघणारा तरुण. तो काम कधी करतो हे फितीत दाखवत नाहीत. तंजावरात मी पहिल्या सकाळी लॅपटॉपची पिशवी खांद्याला लावून कॉफी प्यायला गेले. फिल्टर कॉफी पितळी दावरा-टंबलरमध्ये आली. लोक ती वरून खाली, खालून वर ओतून उभ्या उभ्या पीत होते, पैसे ठेवत होते आणि चालू लागत होते. सगळा कार्यक्रम तीन मिनिटांचा. मी बसून पिशवीची चेन उघडली, तेवढ्यात टेबल पुसायला माणूस आला. पुसून झाल्यावर तो गेला नाही. माझी चेन बंद होण्याची वाट बघत उभा राहिला.

दुपारी खानावळीत तर प्रश्नच मिटला. तिथं टेबलावर आधी केळीचं पान येतं. पान आणि लॅपटॉप एका टेबलावर मावत नाहीत, आणि दोन्हींतून निवड करायची तर शहाणा माणूस काय निवडेल? कूटू, पोरियल, अप्पळम, भाताचा डोंगर, त्यात बादलीतून ओतलेलं सांबार, मग रसम, मग ताक. यानंतर कोणी काम करू शकतो असं मला वाटत नाही. चोळ राजांनी इथलं एवढं मोठं देऊळ बांधलं ते सकाळच्या पाळीतच बांधलं असणार.

सांबाराची ती प्रसिद्ध गोष्ट मी मामांना सांगितली. तंजावरच्या दरबारात संभाजीराजे पाहुणे आले होते म्हणे, आमटीला घालायची कोकमं संपली, तेव्हा चिंच घातली गेली आणि पाहुण्यांच्या नावावरून त्या आमटीला सांबार म्हणू लागले. या कथेला कागदाचा आधार नाही, तरी ती महाराष्ट्रात प्रत्येक इडलीबरोबर वाढली जाते. मामांनी शांतपणे ऐकून घेतलं. "असेल," ते म्हणाले, "पण चिंच इथलीच ना?"

कामाचं बोलायचं तर तंजावरातला मोठा प्रश्न इंटरनेटचा नाही. ते चांगलं चालतं. २०२४मध्ये तर गावाला छोटं टायडेल पार्कही मिळालं, म्हणजे संगणकवाल्यांची इमारत झाली. प्रश्न आवाजाचा आहे. आमच्या गल्लीच्या टोकाला मंगल कार्यालय होतं, आणि मुहूर्त सगळे माझ्या मीटिंगच्या वेळेला. नादस्वरम् हे वाद्य मोकळ्या जागेत, मैलभर ऐकू जावं म्हणून घडवलेलं आहे. माइक बंद ठेवला तरी ते खिडकीतून कॅमेऱ्यातही दिसेल इतकं जोरदार वाजतं. त्यात तालि, म्हणजे मंगळसूत्र, बांधण्याच्या क्षणी गेट्टिमेळम् होतो. भटजी बोट वर करतात आणि तविल, नादस्वरम् सगळं एकदम टिपेला जातं. हेतू असा की त्या क्षणी कोणी शिंकलं, रडलं, अभद्र बोललं, तर ते वधूवरांच्या कानांवर पडू नये. वार्षिक आढाव्याच्या मीटिंगमध्ये आमच्या साहेबांनी घसा खाकरून "या वर्षीची पगारवाढ" असे शब्द उच्चारले, आणि तत्क्षणी गेट्टिमेळम् झाला. आकडा मला ऐकू आला नाही. नंतर मी तो फाईलमध्ये पाहिला आणि पटलं की ही प्रथा उगीच पडलेली नाही.

आता देवळाकडे येते. बृहदीश्वराबद्दल लिहायचं तर लोक आधी शिखराची उंची सांगतात, सावली जमिनीवर पडत नाही म्हणतात (पडते, मी त्यात उभी राहिले आहे, उन्हाळ्यात तेवढाच आधार), आणि राजराज चोळानं १०१०मध्ये ते पूर्ण केलं हे सांगून नंदीकडे वळतात. मी वळले नाही, कारण मला मामांनी भिंती दाखवल्या. या देवळाच्या दगडावर राजराजानं आपलं संपूर्ण पगारपत्रक कोरून ठेवलं आहे.

अतिशयोक्ती नाही. राज्यभरातल्या देवळांतून ४०० नर्तकी तंजावरला आणून वसवल्या, त्यांतल्या प्रत्येकीचं नाव तिथं आहे. कुठल्या गावच्या देवळातून बदली होऊन आली ते आहे. इथं राहायला दिलेलं घर कुठल्या रस्त्याच्या कुठल्या बाजूला, रांगेत कितवं, तेही आहे. मोबदला दर वर्षी दर माणशी १०० कलम (हे धान्याचं माप) भात. पुढं वादक, गायक, हिशेबनीस, छत्र धरणारे, दिवे लावणारे, कुंभार, परीट, न्हावी, शिंपी, सोनार, सुतार, सगळे आपापल्या वाट्यासकट. मी त्या भिंतीसमोर उभी राहिले आणि आयुष्यात पहिल्यांदा मला माझ्या व्यवसायाचा अभिमान वाटला. आमच्याकडे चारशे माणसांत तिघांचे पत्ते चुकीचे आहेत आणि एक जण सोडून गेल्यावरही दोन महिने पगार घेत होता. तिथं हजार वर्षांत एक ओळ खोडलेली नाही. दगडावर खोडता येत नाही हे खरं, पण म्हणूनच आधी नीट तपासून घेतलं असणार.

आणि नियमावली! लाभार्थी मरण पावला किंवा देशांतराला गेला, तर जवळच्या नातलगानं ती जागा घ्यावी. नातलगाच्या अंगी ती कला नसेल, तर त्यानं लायक माणूस शोधून द्यावा. म्हणजे वशिला चालेल, पण काम आलं पाहिजे. देशांतराला गेलेल्याचा वाटा मात्र चालू राहणार नाही. कुठूनही काम करण्याची सोय चोळांनी ठेवलेली नव्हती. नर्तकीनं तंजावरचं नृत्य मनालीहून करून भागत नाही, एवढं त्यांना समजत होतं.

त्याच देवळाच्या आवारात फिरता फिरता, जिथं मला गावातली एकही पाटी वाचता येत नव्हती तिथं, भिंतच्या भिंत देवनागरी निघाली. भोसले घराण्याचा इतिहास, मराठीत, १८०३ साली सरफोजीराजांनी कोरवून घेतलेला. जगातला सर्वांत मोठा शिलालेख म्हणून त्याचं कौतुक सांगतात. सुरुवात थेट पुराणकाळापासून. मला हसू आलं, कारण ही आपली जुनी खोड आहे. मराठी माणूस परगावी स्थिरावला की तो आधी मूळ गाव, मग कुलदैवत, मग आजोबांचे आजोबा कोण हे सांगून घेतो आणि मगच चहा घेतो. फरक इतकाच की राजराजानं आपल्या लेखांत कामावरच्या माणसांची नावं लिहिली आणि आपण आपल्या नातेवाइकांची.

अर्थात सरफोजीराजांना त्या काळात लिहायला सवडही होती. १७९९च्या तहानं कंपनी सरकारनं राज्याचा कारभार काढून घेतला. राजांकडे उरला तंजावरचा किल्ला आणि ठरलेला तनखा. बिनकामाचा पगार, म्हणजे माझ्या धंद्यातलं सर्वांत संशयास्पद प्रकरण. अशा माणसानं दिवसभर काय करावं? या गृहस्थानं सरस्वती महाल ग्रंथालयात मिळतील तिथून पोथ्या आणून भरल्या. आज तिथं चाळीस हजारांवर हस्तलिखितं आहेत, त्यांत मराठी तीनेक हजार. छापखाना काढला आणि १८०६मध्ये इसापच्या गोष्टी 'बालबोधमुक्तावली' या नावानं मराठीत छापल्या. पुण्यात तेव्हा पेशवाई होती आणि छापील मराठी पुस्तक नव्हतं. धन्वंतरी महालात औषधं करवली. डोळ्यांच्या रोग्यांवरचे उपचार चित्रांसकट नोंदवून ठेवले. पाकशास्त्र लिहवून घेतलं. नेपोलियन हरला म्हणून समुद्रकाठी मनोरा बांधला. नेपोलियनचं आणि तंजावरचं काय वाकडं होतं ते विचारू नका. कामाचा ताण नसलेला माणूस केवढं काम करतो! आमच्या साहेबांना मी हे लिहून कळवलं. त्यांनी उत्तरात माझी टाइमशीट मागितली.

टाइमशीट भरताना तिरुवैयारूच्या त्यागराजांची आठवण हटकून येते. तिरुवैयारू तंजावरहून तेरा किलोमीटर, डोंबिवली-ठाण्याएवढंही लांब नाही. दरबारातून बोलावणं आलं, मानधन राजाचं, आणि परंपरा सांगते की त्यागराजांनी नकार दिला. द्रव्य सुख देतं की रामाची सेवा, असा प्रश्न त्यांनी एका कीर्तनात विचारला तो याच प्रसंगी, असं मानतात. घरूनच काम चालू ठेवलं. तमिळ मुलखात, मराठी राजाच्या अमलाखाली, तेलुगूत. त्यांचं काम अजून चालू आहे; पौष वद्य पंचमीला शेकडो गायक त्यांच्या समाधीपाशी एकत्र बसून गातात. ऑफिसात या, म्हणजे कामाचा दर्जा सुधारेल, असं सांगणाऱ्या साहेबलोकांनी या एका उदाहरणावर विचार करावा. मात्र आपण त्यागराज नाही, हेही कर्मचाऱ्यांनी ध्यानात ठेवावं.

सांगलीकरांनी हा परिच्छेद गाळला तरी चालेल. मराठी नाटकाचा प्रारंभ १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी सांगलीत केला, हे आपण शाळेत पाठ केलं. तंजावरच्या शाहजीराजांनी सतराव्या शतकाच्या अखेरीस लिहिलेलं 'लक्ष्मीनारायण कल्याण' हे मराठी नाटक सरस्वती महालात आहे. मामांनी हे सांगताना आवाज खाली आणला होता. पोस्टातल्या माणसाला कुठलं पत्र कोणाच्या हातात द्यावं, हे बरोबर कळतं.

इतकी वर्षं परमुलखात राहून ही मंडळी इतकी मुरली की पुढं उलटी वाहतूक सुरू झाली. कुंभकोणमला १८२८ साली तंजावरच्या मराठी घराण्यात जन्मलेले टी. माधवराव आधी त्रावणकोरचे दिवाण झाले, मग होळकरांनी त्यांना इंदूरला नेलं, आणि १८७५मध्ये बडोद्याची घडी विस्कटली तेव्हा गायकवाडांचं राज्य सावरायला त्यांनाच आणलं. मराठी सरदारांनी दक्षिणेतून दिवाण मागवला आणि तो निघाला मराठी. आमच्या भाषेत याला बदलीवरून परत येणं म्हणतात. फक्त मधे दोनशे वर्षांची रजा पडली.

व्यंकोजीराजांनाही परत बोलावण्यासारखा एक प्रसंग आला होता. १६७७मध्ये शिवाजीमहाराज दक्षिणेत उतरले, तिरुमलवाडीला दोघा भावांची भेट झाली आणि वडिलांच्या जहागिरीतल्या वाट्याचा विषय निघाला. व्यंकोजीराजे एका रात्री कोणालाही न सांगता कोळ्ळिडम नदी ओलांडून तंजावरला निघून गेले. बैठक अर्ध्यावर सोडायची तर तेव्हा नदी ओलांडावी लागे. आता लाल बटण दाबून 'नेट गेलं' म्हणता येतं. पुढं ते उदास होऊन बसल्याचं कळलं, तेव्हा महाराजांनी त्यांना पत्र लिहून वैराग्य सोडायला आणि कामाला लागायला सांगितलं. हाताखालच्या माणसाला पत्र कसं लिहावं हे शिकवायला आमच्या कंपनीनं बाहेरचा तज्ज्ञ आणला होता. तो खर्च वाचला असता.

गावात बघण्यासारखं आणि विकत घेण्यासारखं आणखी पुष्कळ आहे. फणसाच्या लाकडाची वीणा आहे, सोन्याच्या वर्खाची चित्रं आहेत. बॉम्बे स्वीट्स नावाच्या नामांकित दुकानातली चंद्रकला आहे. ती खाऊन मुंबईची आठवण येत नाही, हा तिचा गुण. मान डोलवणारी तंजावरची बाहुली आहे. बुडाशी जड, कितीही ढकला, पुन्हा सरळ उभी राहते आणि होकार देत राहते. ऑनलाइन मीटिंगमध्ये माझ्या जागी ती बसवावी हा विचार मनात आलाच नाही, असं मी म्हणणार नाही.

मुदत संपत आली तसा मी अर्ज केला: 'मुक्काम वाढवून मिळावा.' सोबत पूर्वीच्या मुदतवाढीचा दाखला जोडला, १६७५ ते १८५५. अर्ज नामंजूर झाला आणि कारण माझ्याच खात्यातून आलं. महाराष्ट्रात व्यवसाय कर कंपनी महिन्याच्या महिन्याला पगारातून कापते, वर्षाला २,५०० रुपये. तमिळनाडूत तो सहा महिन्यांनी स्थानिक संस्थेकडे भरायचा असतो. मी तिथं जास्त राहिले, तर माझा कर कुठं भरायचा, हा प्रश्न उभा राहिला असता. आणि तो सोडवायला कंपनीत एकच माणूस होतं, ते म्हणजे मी. व्यंकोजीराजांच्या वेळी व्यवसाय कर नव्हता. साम्राज्यं अशीच उभी राहतात.

तुम्हाला अशी परवानगी मिळाली, तर गोव्याचा मोह टाळा आणि तंजावरला जा. एप्रिल-मे सोडून जा. देवळात सकाळी लवकर पोचा, कारण चपला बाहेर काढाव्या लागतात आणि दहानंतर दगड पाय टिकू देत नाही. मराठी लेख सापडला नाही, तर कोणालाही विचारा. भाषा कळली नाही तरी बोट बरोबर दिशेला दाखवतील. गाभारा साडेबाराच्या सुमारास बंद होतो तो चारला उघडतो. पुणेकरांनी याबद्दल तक्रार करू नये.